मुंबई–दिल्ली: अंतर एक, वेळा अनेक

विमानाच्या तिकिटावर छापलेलं असतं: मुंबई ते दिल्ली, साधारण दोन तास पंधरा मिनिटं. दोन्ही विमानतळांमधलं सरळ अंतर आहे सुमारे 1,140 किलोमीटर. या मार्गावर नेहमी दिसणारं एअरबस ए-320 वरच्या उंचीवर ताशी सुमारे 830 किलोमीटर वेगानं जातं. आता साधा भागाकार करा. उत्तर येतं 1 तास 22 मिनिटं!

मग उरलेली 53 मिनिटं जातात कुठे? याचा शोध घ्यायला निघालं की वारा, धुकं, धावपट्ट्या, घड्याळं आणि थेट शिवकाळापर्यंतचा इतिहास वाटेत भेटतो. चला, पट्टे बांधा.

एक जोडी, चार अंतरं

‘मुंबई ते दिल्ली किती किलोमीटर?’ या प्रश्नाला एक उत्तर नाही.

• हवेतून, सरळ रेषेत: सुमारे 1,140 किलोमीटर.
• पश्चिम रेल्वेची राजधानी, मुंबई सेंट्रलहून: 1,384 किलोमीटर.
• मध्य रेल्वेनं नाशिक, जळगाव, भोपाळमार्गे: सुमारे 1,540 किलोमीटर.
• रस्त्यानं: जुन्या महामार्गानं 1,400 किलोमीटरच्या आसपास, तर नव्या दिल्ली–मुंबई द्रुतगती मार्गाची आखणी साधारण 1,350 किलोमीटरची.

म्हणजे रुळांवरून जाणारा प्रवासी हवेतल्या प्रवाशापेक्षा अडीचशे ते चारशे किलोमीटर जास्त फिरतो. सातपुडा, विंध्य आणि मोठ्या नद्या ओलांडायला रुळांना सोयीची वाट शोधावी लागते. म्हणूनच पश्चिम रेल्वे आधी किनाऱ्याच्या कडेनं सुरत–वडोदऱ्यापर्यंत जाते आणि मग रतलामकडे वळते. विमानाला डोंगर आडवा येत नाही.

वैमानिक मात्र हे अंतर किलोमीटरमध्ये मोजतच नाही. तो सागरी मैल वापरतो. एक सागरी मैल म्हणजे 1.852 किलोमीटर. त्याच्या हिशोबात दिल्ली साधारण 615 सागरी मैलांवर आहे.

सरळ रेषेखालचा देश

नकाशावर दोन्ही विमानतळांमध्ये पट्टी ठेवून रेघ ओढून पाहा. ती पालघरचा डोंगराळ भाग आणि डांगची जंगलं ओलांडून उकाई धरणाच्या परिसरात तापीवर पोचते. पुढे सातपुड्याचं पश्चिम टोक, मग नर्मदा. रतलामच्या पश्चिमेला ती कर्कवृत्त ओलांडते. कोट्याजवळ ती चंबळच्या बाजूनं जाते. दौसा आणि अलवर इथून अरवलीच्या रांगा पार करून ती दिल्लीत शिरते.

गंमत अशी, की राजधानी एक्सप्रेसही रतलाम आणि कोट्यावरून जाते आणि नवा द्रुतगती मार्गही रतलाम, कोटा, दौसा, अलवर याच पट्ट्यातून आखला आहे. विमान, रेल्वे आणि रस्ता तिघं गुजरातमध्ये फुटतात आणि माळव्यात पुन्हा जवळ येतात. प्रत्यक्ष उड्डाणात विमान या रेघेपासून थोडं इकडेतिकडे होतं, कारण आकाशातही ठरवून दिलेले मार्ग आणि वळणाचे बिंदू असतात.

दिल्ली उत्तरेला, विमान पश्चिमेला

मुंबईहून दिल्ली उत्तरेला, किंचित पूर्वेकडे कललेली. पण वर्षातला बराच काळ मुंबईत विमान उडतं ते पश्चिमेकडे तोंड करून, थेट समुद्राच्या दिशेनं. कारण विमानाला समोरून वारा लागला की कमी धावेत उचल मिळते आणि मुंबईचा वारा बहुतेक काळ समुद्राकडून येतो. मुख्य धावपट्टीचा क्रमांक 27 आहे. म्हणजे होकायंत्रावर 270 अंश, पश्चिम. समुद्रावर गेल्यावर विमान उजवीकडे वळण घेतं आणि मग दिल्लीची वाट धरतं.

दिल्लीतही तीच गोष्ट. तिथल्या धावपट्ट्यांचे क्रमांक आहेत 27, 28 आणि 29. पश्चिमेचा किंवा वायव्येचा वारा असेल तेव्हा विमान उतरतानाही पश्चिमेकडेच तोंड करतं. प्रवास उत्तरेचा, पण आरंभ आणि शेवट दोन्ही पश्चिमाभिमुख! या वळणांत दोन्ही टोकांना काही किलोमीटर आणि काही मिनिटं वाढतात.

आणखी एक बारीक फरक. मुंबई विमानतळ समुद्रसपाटीपासून जेमतेम 12 मीटर उंचीवर आहे, दिल्लीचा 237 मीटरवर. दिल्लीला पोचणारं विमान जिथून निघालं त्याहून सव्वादोनशे मीटर वर उतरतं.

ती 53 मिनिटं

आता मूळ हिशोबाकडे येऊ. तिकिटावरची वेळ ही हवेतली वेळ नसते. विमान फाटकापासून मागे ढकललं गेलं की घड्याळ सुरू होतं आणि दुसऱ्या विमानतळावर जागेवर उभं राहिलं की थांबतं. प्रत्यक्ष हवेत मुंबई–दिल्ली विमान साधारण पावणेदोन तासच असतं. बाकीचा वेळ असा वाटला जातो.

*जमिनीवरची चाल.* मुंबईला धावपट्ट्या दोन आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे एका वेळी प्रत्यक्षात एकीचाच वापर होतो. तरीही डिसेंबर 2018 मध्ये या विमानतळानं एका दिवसात 1,007 उड्डाणं आणि अवतरणं हाताळली. म्हणजे दिवसरात्र धरून सरासरी दर 86 सेकंदांना एक! इतक्या गर्दीत रांगेत उभं राहणं आलंच. दिल्लीला धावपट्ट्या चार आहेत, पण विमानतळाचा पसारा एवढा, की उतरल्यावर फाटकापर्यंतचा प्रवासही लांबचा. तिथे जुलै 2023 मध्ये विमानांसाठी उन्नत मार्ग सुरू झाला. खालून रस्त्यावरच्या गाड्या जातात आणि वरून विमान चालत जातं.

*चढण आणि उतरण.* विमान पूर्ण वेगानं सगळा प्रवास करत नाही. 10,000 फुटांच्या खाली सर्वसाधारण वेगमर्यादा आहे 250 नॉट, म्हणजे ताशी सुमारे 463 किलोमीटर. 35,000 फुटांवर पोचायला वीसेक मिनिटं लागतात. उतरायची तयारी तर फार आधी सुरू होते. वैमानिकांचा ठोकताळा आहे: प्रत्येक हजार फुटांसाठी तीन सागरी मैल. 35,000 फुटांसाठी होतात 105 सागरी मैल, म्हणजे जवळपास 195 किलोमीटर. म्हणून दिल्लीला जाणारं विमान राजस्थानात, दौसाच्या आसपास असतानाच खाली यायला लागतं.

*हातची मिनिटं.* विमान कंपन्या वेळापत्रकात थोडी जादा मिनिटं धरून ठेवतात. वेळेवर सुटण्या-पोचण्याची नोंद 15 मिनिटांच्या सवलतीनं केली जाते आणि त्या आकड्यावर कंपनीची पत अवलंबून असते. त्यामुळेच अर्धा तास उशिरा सुटलेलं विमान कधीकधी दहाच मिनिटं उशिरा पोचतं. वैमानिकानं आकाशात शर्यत लावलेली नसते, राखीव मिनिटं कामी आलेली असतात.

चाळीस मिनिटांचा नियम

मुंबईहून सुटणाऱ्या तीन विमानांची तुलना करून पाहा.

• गोवा, दाबोळी: अंतर सुमारे 425 किलोमीटर, वेळ साधारण सव्वा तास.
• नागपूर: अंतर सुमारे 680 किलोमीटर, वेळ साधारण दीड तास.
• दिल्ली: अंतर सुमारे 1,140 किलोमीटर, वेळ साधारण सव्वादोन तास.

दिल्ली गोव्याच्या पावणेतीनपट लांब आहे, पण वेळ दुपटीपेक्षाही कमी लागतो. याचं कारण वरच्या हिशोबात आहे. कुठेही जा, रांगा, चढण, उतरण आणि वळणं यांची साधारण 40 मिनिटं ठरलेली. त्यानंतरचं अंतर मात्र झपाट्यानं कापलं जातं. म्हणून तुमच्या मार्गाचा अंदाज हवा असेल तर अंतराला 700 नं भागा, आलेल्या तासांत 40 मिनिटं मिळवा. देशांतर्गत जेट विमानांसाठी उत्तर बहुतेक वेळा बऱ्यापैकी जवळ येतं.

याच नियमामुळे जवळच्या अंतरावर विमानाचा फायदा आटतो. मुंबई–नागपूर समृद्धी महामार्ग 701 किलोमीटरचा. जून 2025 मध्ये तो पूर्ण खुला झाला आणि गाडीचा प्रवास आठेक तासांवर आला. तरी नागपूरसाठी विमान अजून पुढेच आहे. मुंबई–पुण्यासाठी मात्र हवेतलं अंतर जेमतेम 120 किलोमीटर. तिथे चाळीस मिनिटांचा नियमच विमानाला हरवतो.

वारा कुणाच्या बाजूनं?

हिवाळ्यात उत्तर भारताच्या वर, साधारण 12 किलोमीटर उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वाऱ्याचा प्रवाह वाहतो. पूर्वेकडे जाणाऱ्या विमानाला तो मागून ढकलतो, पश्चिमेकडे जाणाऱ्याला समोरून अडवतो. मुंबई–कोलकाता मार्गावर हे स्वच्छ दिसतं. जाताना वेळ कमी, परतीला साधारण 15 ते 20 मिनिटं जास्त. मुंबई–लंडनवर फरक आणखी ठळक. लंडनला जायला जास्त वेळ, घरी यायला कमी.

मुंबई–दिल्ली मार्ग मात्र उत्तर–दक्षिण. वारा बहुतांशी बाजूनं लागतो. म्हणून जाण्या-येण्याच्या वेळेत फरक थोडा पडतो.

जाताना विषम, येताना सम

समोरासमोर येणारी विमानं एकमेकांच्या उंचीवर येऊ नयेत म्हणून साधा नियम आहे. पूर्वेच्या अर्ध्या भागाकडे जाणारी विमानं विषम हजार फुटांवर, पश्चिमेच्या अर्ध्या भागाकडे जाणारी सम हजार फुटांवर. दिल्ली मुंबईच्या ईशान्येकडे किंचित झुकलेली असल्यानं तिकडे जाताना विमान 33,000, 35,000 किंवा 37,000 फुटांवर असतं आणि मुंबईला येताना 34,000 किंवा 36,000 वर. पुढच्या वेळी वैमानिक उंची सांगेल तेव्हा लक्ष देऊन ऐका. आकड्यावरूनच दिशा कळेल.

35,000 फूट म्हणजे 10,668 मीटर. एव्हरेस्टच्या वर अठराशे मीटर, आणि आपल्या कळसूबाईच्या साडेसहापट उंच! बाहेरचं तापमान उणे 40 अंशांच्याही खाली गेलेलं असतं. आत केबिनमधली हवा 8,000 फूट, म्हणजे 2,400 मीटर उंचीवरच्या हवेपेक्षा विरळ होऊ देत नाहीत. ही उंचीही कळसूबाईच्या 1,646 मीटरपेक्षा जास्तच. शिवाय ही हवा फार कोरडी असते. ओठ कोरडे पडतात, तहान लागते ती म्हणून. पाणी मागून घ्या.

धुकं आलं की गणित बदलतं

डिसेंबर–जानेवारीत दिल्लीच्या पहाटेवर धुकं उतरतं. दिल्लीच्या धावपट्ट्यांवर कमी दृश्यमानतेत उतरण्याची प्रगत उपकरणं आहेत आणि ती वापरायचं खास प्रशिक्षण घेतलेले वैमानिक अवघ्या 50 मीटर दृश्यमानतेतही विमान उतरवू शकतात. पण उड्डाणासाठी त्याहून जास्त दृश्यमानता लागते. त्यामुळे उतरलेली विमानं अडकून पडतात, जागा भरतात आणि मुंबईत निघायला तयार असलेल्या विमानालाही फाटकावरच थांबवलं जातं. दिल्लीवर घिरट्या घालत इंधन जाळण्यापेक्षा मुंबईत उभं राहणं केव्हाही चांगलं.

इंधनाचा नियमही कडक आहे. दिल्लीपर्यंतचं इंधन तर हवंच. शिवाय तिथे उतरता आलं नाही तर जयपूर, लखनौ किंवा अमृतसरसारख्या पर्यायी विमानतळापर्यंतचं आणि त्यावरही आणखी 30 मिनिटं हवेत राहण्याइतकं इंधन घेतल्याशिवाय विमान हलत नाही. धुक्यात विमान जयपूरला उतरवलं म्हणून प्रवासी चिडतात. खरं तर ती योजना मुंबईहून निघण्याआधीच आखलेली असते.

दोन महिन्यांपासून दोन तासांपर्यंत

5 मार्च 1666 रोजी छत्रपती शिवाजी महाराज राजगडाहून आग्र्याला निघाले आणि मे महिन्याच्या मध्याला तिथे पोचले. दोन महिन्यांहून जास्त काळ. आणि आग्रा दिल्लीच्या अलीकडे, दोनेकशे किलोमीटरवर.

1 जून 1912 रोजी मुंबईहून दिल्लीमार्गे जाणारी पंजाब मेल सुरू झाली. ही गाडी आजही धावते. 1972 मध्ये मुंबईची राजधानी एक्सप्रेस आली. आज ती साधारण साडेपंधरा तासांत दिल्लीला पोचते, म्हणजे थांबे धरून सरासरी ताशी 89 किलोमीटर.

हवेतली गोष्ट जुहूपासून सुरू होते. 15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन एकट्यानं विमान उडवलं आणि ते जुहूला उतरवलं. विमान होतं छोटंसं पुस मॉथ. पुढे नेव्हिल व्हिन्सेंट यांनी ते टपाल बेळ्ळारीमार्गे मद्रासला नेलं. 1937 मध्ये टाटांची मुंबई–दिल्ली सेवा सुरू झाली, ती इंदूर, भोपाळ आणि ग्वाल्हेर असे थांबे घेत.

1949 मध्ये नागपूरनं एक अद्भुत भूमिका बजावायला सुरुवात केली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास इथून रात्री डाकोटा विमानं निघत, मध्यरात्रीच्या सुमाराला नागपूरला जमत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करत आणि पहाटेपर्यंत आपापल्या शहरी परत जात. संध्याकाळी मुंबईत टाकलेलं पत्र सकाळी दिल्लीत! देशाच्या मधोमध असण्याचं सोनं नागपूरनं त्या काळात करून दाखवलं.

1964 मध्ये इंडियन एअरलाइन्सनं कॅरॅव्हेल ही जेट विमानं आणली. त्यांचा वेग ताशी सुमारे 800 किलोमीटर. आजच्या ए-320 चा वेग याहून फारसा जास्त नाही. साठ वर्षांत विमानं मोठी झाली, शांत झाली, इंधन कमी खाऊ लागली, सुरक्षित झाली. वेग मात्र जवळपास तिथेच आहे. विमानं वाढली, आकाश आणि धावपट्ट्या गजबजल्या. मिनिटं आज खर्च होतात ती तिथे.

39 मिनिटांची तफावत

आज मुंबई आणि दिल्लीची घड्याळं एकच वेळ दाखवतात. तसं नेहमी नव्हतं. भारतीय प्रमाणवेळ 1906 मध्ये लागू झाली, पण मुंबई शहरानं स्वतःची ‘बॉम्बे टाइम’ 1955 पर्यंत सांभाळली. ती प्रमाणवेळेच्या 39 मिनिटं मागे होती. म्हणजे 1937 मध्ये मुंबई–दिल्ली विमानसेवा सुरू झाली, तेव्हा मुंबईच्या घड्याळात सकाळचे नऊ वाजले की दिल्लीत 9 वाजून 39 मिनिटं झालेली असत!

सूर्य मात्र अजूनही जुन्या हिशोबानं चालतो. दिल्ली मुंबईच्या सव्वाचार अंश पूर्वेला असल्यानं तिथे माध्यान्ह सुमारे 17 मिनिटं आधी होते.

कोणती खिडकी घ्यावी?

सकाळच्या विमानानं दिल्लीला जाताय? सूर्योदय पाहायचा असेल तर उजवी खिडकी, ऊन नको असेल तर डावी. संध्याकाळी उलट, सूर्यास्त डावीकडे. परतीच्या प्रवासात दोन्ही बाजू बदलतात. समुद्रावरून उजवीकडे वळताना मुंबईचा किनारा पाहायचा असेल तर उजवी बाजू उत्तम. उड्डाणानंतर वीस-पंचवीस मिनिटांनी आकाश निरभ्र असेल तर खाली तापी आणि तिच्यामागोमाग नर्मदा शोधा.

जगातल्या गर्दीत आपण

सर्वाधिक आसनांच्या देशांतर्गत हवाई मार्गांत जगात पहिला नंबर दक्षिण कोरियातल्या सोल–जेजूचा. अंतर जेमतेम 450 किलोमीटर. मुंबई–दिल्ली हा मार्गही जगातल्या पहिल्या दहांत असतो. आणि सगळ्यात छोटा नियमित मार्ग? स्कॉटलंडजवळच्या ऑर्कनी बेटांमधला वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे. अंतर 2.7 किलोमीटर, वेळ दोन मिनिटांच्या आत.

खरा प्रवास घरापासून

बहुतेक कंपन्या देशांतर्गत उड्डाणाचं सामान उड्डाणाच्या 60 मिनिटं आधीपर्यंतच स्वीकारतात आणि फाटक साधारण 25 मिनिटं आधी बंद करतात. त्यात घर ते विमानतळ, सुरक्षा तपासणी आणि दिल्लीत सामानाची वाट पाहणं धरलं, की दारापासून दारापर्यंत पाच ते सहा तास सहज होतात. हवेतले पावणेदोन तास हा त्यातला लहान तुकडा.

म्हणूनच इथून पुढे वेळ वाचणार आहे तो जमिनीवर. दिल्लीची विमानतळ मेट्रो 2011 पासून शहराच्या मध्यापर्यंत वीसेक मिनिटांत पोचवते. मुंबईच्या भुयारी मेट्रोचं स्थानक ऑक्टोबर 2024 मध्ये विमानतळाच्या टर्मिनल 2 पाशी आलं. 8 ऑक्टोबर 2025 रोजी नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं. तिथून दिल्लीचं हवाई अंतर जवळपास तेवढंच. पण पनवेल, वाशी, अलिबागच्या माणसाचा घर ते विमानतळ हा टप्पा चांगलाच आखडतो.

तेव्हा पुढचं तिकीट काढताना फक्त उड्डाणाची वेळ पाहू नका. विमानतळ घराला जवळचा निवडा. हिवाळ्यात दिल्लीला जायचं तर धुक्याची पहाट टाळून दुपारचं विमान घ्या. महत्त्वाची बैठक, परीक्षा किंवा लग्नाचा मुहूर्त असेल तर एक दिवस आधी निघा, किंवा सरळ राजधानीची रात्र पसंत करा. 1,140 किलोमीटर कुणालाच कमी करता येणार नाहीत. वेळेचं नियोजन मात्र पूर्णपणे आपल्या हातात आहे.